अंदमानात भेटलेला नागपूरकर

अंदमानला जायचं आईने ठरवलं. मी नागपुरात, सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि काही वर्षांतून एकदा देशात कुठेही जाऊन यायची सवलत मला मिळत असे. माझं लग्न झालेलं नव्हतं, वडील गेले होते, धाकटा भाऊ नोकरीसाठी भिलाईला राहत होता. त्यामुळे सवलतीत माझ्याबरोबर येणारं माणूस म्हणजे आईच. मी तिच्यापुढे सिमला ठेवलं, उटी ठेवलं. तिने दोन्ही नाकारलं.

"पहाड तं रामटेकलेही आहे," ती म्हणाली. "मले चारही बाजूनं पाणी असलेली जमीन पाहायची आहे."

आई नागपूरजवळच्या कुहीकडच्या खेड्यातली. धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली. समुद्र तिने पाहिला नव्हता, मीही नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि नागपुरातून अंदमानला हौसेने जाणारी माणसं फार नव्हती. कार्यालयात माझा अर्ज फिरला तेव्हा शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "काळ्या पाण्यावर कोणी सुट्टी घालवायले जाते का?" मी म्हटलं, "आई जाते."

मद्रासपर्यंत रेल्वे आणि तिथून जहाज. जहाजावर मी पहिल्या दिवसापासून आडवी होते. लिंबू हुंगत, डोळे मिटून. आईला काहीही झालं नाही. ती डेकवर जाऊन बसायची आणि जेवणाच्या वेळी खाली येऊन, कोण कुठला, कोणाची मुलगी कुठे दिली, हे मला सांगायची. तिला हिंदी आमच्याकडची येत होती, तेवढी तिला पुरली.

पोर्ट ब्लेअरला आम्ही टेकडीवरच्या एका सरकारी पर्यटक बंगल्यात उतरलो. मला तिथे पहिलं काय खटकलं असेल तर तो अंधार. तिथला सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. नागपुरात मुलं अजून खेळत असतील अशा वेळी तिथे पार काळोख पडायचा. म्हणून पाहुण्यांची रंगत लवकर सुरू व्हायची आणि लवकरच आटपायची. बंगल्यापुढच्या हिरवळीवर रंगीत दिव्यांची माळ लावलेली असे, तीन जणांचा एक वाद्यवृंद हिंदी गाणी वाजवत बसे, आणि वेताच्या खुर्च्यांवर कलकत्त्याचे, मद्रासचे, दिल्लीचे पाहुणे. पुरुषांच्या हातात शहाळी असत. त्यांतल्या काहींत नुसतं पाणी नसे, हे आईने वासावरून ओळखलं आणि खुर्ची थोडी लांब सरकवली. मात्र उठून गेली नाही. नवी लग्न झालेली जोडपी गाण्यावर हलत-डुलत नाचायची. आई त्यांच्याकडे टक लावून बघायची, जशी ती गावच्या दंडारीतला नाच बघत असेल तशी, मान किंचित तिरकी करून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबोला होता. आकडे पुकारणारा बंगाली होता आणि तो इंग्रजीत पुकारत होता. मी आईला आकडे सांगत होते. एक आकडा माझ्याकडून सुटला आणि आई जोरात म्हणाली, "अवं, माह्या आकडा गेला ना! तू कोणीकडे पाहून राहिली?"

आमच्या पुढच्या रांगेतला एक माणूस गर्रकन वळला.

"तुम्ही नागपूरकडचे का जी?"

तो असेल चाळिशीचा. सावळा, केस बारीक कापलेले, पांढरा बुशशर्ट. बंदराच्या कामावर ओव्हरसियर होता. पाहुणा नव्हता, ओळखीच्या मॅनेजरकडे अधूनमधून संध्याकाळी येऊन बसायचा. त्याचं घर नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीत होतं. आईने त्याचं मूळ गाव विचारलं, ते कुहीच्या पलीकडचं निघालं, आणि त्या गावातली दोन घरं आईच्या ओळखीची निघाली. एवढं झाल्यावर तंबोला बाजूला राहिला.

"इथं एकटेच राहता?" आईने विचारलं.

"एकटाच."

"आणि घरी?"

"घरी सगळेच आहेत जी. आई आहे, भाऊ आहे, सगळेच."

आईने पुढचा प्रश्न विचारला नाही. जी बाई जहाजावर परक्या माणसांच्या सुनांची माहेरं विचारत होती, तिने तो विचारला नाही. पुढे मी यावर विचार केला तेव्हा वाटलं, तिला हवं ते उत्तर मिळालं होतं आणि ते हातचं घालवायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस त्याने आम्हाला बेट दाखवलं. त्याच्याकडे खात्याची जीप असे. तुरुंग आम्ही त्याच्याबरोबर पाहिला. आई एकेका कोठडीत जाऊन उभी राहिली, दाराला बाहेरून कडी कुठे आहे ते तिने हात घालून पाहिलं, आणि आतून हात पोचत नाही हे कळल्यावर बाहेर आली. लाकूड कापायच्या मोठ्या गिरणीत हत्तीच्या पायाएवढे ओंडके करवतीखाली जाताना पाहिले. नारळांच्या रांगा असलेल्या किनाऱ्यावर आई लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन पाण्यात बसून राहिली. लाट आली की दोन्ही हात जमिनीत रोवायची. तिला उठवायला मला तीन वेळा जावं लागलं.

एका बेटावर काचेच्या तळाची होडी होती. तळाशी पोवळ्यांचे ताटवे, त्यातून निळे-पिवळे मासे. होडीतले सगळे अहाहा करत होते. आई म्हणाली, "फुलकोबीच्या वावरात पाणी सुटल्यासारखं दिसते." तो खळखळून हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. एरवी तो माहिती सांगायचा आणि गप्प व्हायचा.

रात्री खोलीत आई म्हणाली, "माणूस बरा आहे."

"हो."

"आपल्यातला आहे. नोकरी पक्की आहे."

"आई, झोप आता."

मला तो आवडला होता का? थोडासा, असं म्हणता येईल. माझ्यासाठी स्थळं पाहणं घरच्यांनी तोवर सोडून दिलं होतं. एकदोन ठिकाणी बोलणी पुढे गेली होती आणि मोडली होती. त्याचं मला आता वाईट वाटत नव्हतं. पण समुद्राकाठच्या दगडी कठड्यावर कोणी शेजारी बसून नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, सीताबर्डीच्या गर्दीबद्दल विचारतं, आणि आपण सांगत राहतो, आणि तो मन लावून ऐकतो, ही गोष्ट मला नवी होती. त्याहून पुढे माझं मन गेलं नव्हतं. आईचं बरंच पुढे गेलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई हिरवळीवर गाणी ऐकत बसली आणि मी त्याच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेले. आमचं जहाज दिवे लावून उभं होतं. मी विचारलं, "तुम्ही नागपूरला येत का नाही?"

त्याने पायाने एक खडा पाण्यात ढकलला.

"पहिले सुट्टी मिळाली नाही. मग मिळाली तं गेलो नाही. मग न जायची सवय झाली."

"घरच्यांना काय सांगता?"

"काही नाही सांगत. विचारणं त्यांनीही सोडलं."

मग त्याने जुन्या धोतराच्या कापडात बांधलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. "जड नाही. घरी देऊन द्याल का?" पत्ता त्याने तोंडी सांगितला, महालातली गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची चक्की, चक्कीच्या मागचं निळं दार. खोलीवर आल्यावर आईने गाठ सोडून पाहिली. आत पडौकच्या लालसर लाकडाचा पोळपाट होता, छान घासून गुळगुळीत केलेला, आणि शिंपल्यांची एक लहान माळ.

"आईसाठी पाठवला," आई म्हणाली. "आईची याद ठेवणारा माणूस आहे." माळेबद्दल ती काही बोलली नाही.

नागपूरला आल्यावर पहिल्याच रविवारी आई नवी साडी नेसली. आम्ही सायकलरिक्षाने महालात गेलो. चक्की सापडली, निळं दार सापडलं. कडी वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. तिच्या मागे एक मुलगी दप्तर पसरून बसली होती. आईला वाटलं त्याची भावजय असेल. तिने त्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्याच्या आईले भेटायचं होतं."

"सासूबाई वरच्या मजल्यावर राहतात, मोठ्या दिरांकडे," ती बाई म्हणाली. "तुम्ही कोणीकडून आल्या?"

"अंदमानाहून," मी म्हटलं.

तिने चौकट धरली. मग मुलीकडे वळून म्हणाली, "जा वं, वरतून आजीले बोलावून आण." मुलगी गेल्यावर तिने आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर खाली बसली.

"कसे आहेत जी ते?"

आईची नजर तिच्या मंगळसूत्रावरच होती. बोलावं लागलं मला. मी सांगितलं, तब्येत चांगली आहे, कामाला मान आहे, टेकडीच्या उतारावर खात्याचं घर आहे. ती प्रत्येक वाक्यावर मान हलवत होती.

"वाळले का?"

"आधीचे मी पाहिले नाहीत," मी म्हटलं. "पण बरे दिसतात."

"स्वैपाक कोण करते?"

"खानावळीत जेवतात."

मी गाठोडं पुढे केलं. तिने पोळपाट उलटा-सुलटा करून पाहिला, माळ मुलीसाठी बाजूला ठेवली. तेवढ्यात सासू खाली आली आणि रडायला लागली, आणि मग मोठे दीरही आले. त्या सगळ्या वेळात ती बाई रडली नाही. तिने आमच्यासाठी चहा टाकला. नंतर बोलता बोलता कळलं ते एवढंच: वडलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून दोघा भावांत बोलाचाली झाली होती, धाकटा रागाने दूरची नोकरी पकडून गेला होता, आणि घरखर्चाला पैसे नियमित पाठवत होता. मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

परतताना रिक्षात, टिळक पुतळ्याजवळ आई म्हणाली, "तो खोटं तं नाही बोलला."

"नाही."

"मीच नाही विचारलं."

तिला माझ्याबद्दल वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. मला स्वतःबद्दल तितकं वाटलं नाही. मला डोळ्यासमोर सारखी ती बाई दिसत होती, चौकट धरून उभी राहिलेली.

काही दिवसांनी ती माझ्या कार्यालयात आली. दुपारची वेळ होती. शिपायाने सांगितलं, कोणी बाई भेटायला आल्या आहेत. मी बाहेर व्हरांड्यात गेले.

"मले तिकडे जायचं आहे," ती म्हणाली. "कसं जायचं ते सांगा."

"त्यांना कळवलं?"

"नाही. कळवलं तं ते नको म्हणतील. मग मले नको म्हटल्यावर गेली असं होईल. आता कोणी नको म्हटलंच नाही."

मी तिला कँटीनमध्ये नेलं. चहा मागवला आणि सगळं सांगितलं. मद्रासला कुठे उतरायचं, जहाजाचं तिकीट कुठे काढायचं, सगळ्यात खालच्या वर्गात हवा कशी कोंदते, म्हणून जमेल तेवढा वेळ डेकवर बसायचं. लिंबं जवळ ठेवायची. अंधार लवकर पडतो, घाबरायचं नाही. मुलीला हिंदी शाळा मिळेल. ती मधेच थांबवून विचारायची. तिचे प्रश्न माझ्या कार्यालयातल्या लोकांच्या प्रश्नांसारखे नव्हते. ते विचारायचे, पाहायला काय काय आहे, संध्याकाळी करमणूक काय असते. तिने विचारलं, ज्वारी मिळते का, पाणी नळाला येतं का, तिथे बाया एकट्या बाजारात जातात का.

"पाहायले काय आहे तिथं?" शेवटी तिनेही विचारलं.

मी काचेच्या तळाची होडी सांगितली, तुरुंग सांगितला, हिरवळीवरची गाणी सांगितली.

"ते जातात का गाणे ऐकायले?"

"कधी कधी."

"घरी तं कधी रेडिओही नव्हते लावत," ती म्हणाली. मी दुसरा चहा मागवला. तो तिने प्याला नाही, पण निवेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला.

मुलीची परीक्षा झाल्यावर ती गेली. मद्रासपर्यंत तिचा भाऊ सोबत गेला, पुढे ती आणि मुलगी दोघीच. हे मला आईकडून कळलं. आई मधल्या काळात महालात जाऊन आली होती आणि जाताना तिला शिदोरीला तिखटाच्या पुऱ्या देऊन आली होती. मला तिने ते आधी सांगितलं नव्हतं.

मग बरीच वर्षं काही कळलं नाही. आईचे गुडघे धरले, आमचं फिरणं बंद झालं. कार्यालयात मात्र अंदमानला जाणारे वाढले. विमानांच्या फेऱ्या वाढल्या होत्या, लोक फोटो घेऊन यायचे. असाच एक सहकारी बायको-मुलांसह जाऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत सांगू लागला, "अहो, सगळीकडे मासे आणि इडली. बायको वैतागली होती. तेवढ्यात हॉटेलवाल्याने सांगितलं, इथं एक नागपूरच्या बाई आहेत, सांगून ठेवलं की घरी जेवायले घालतात. गेलो. पाटवडीची रस्सा भाजी, भाकर, वरून कच्चा कांदा. पोर्ट ब्लेअरमध्ये! डोळ्यातून पाणी आलं."

"पाणी तिखटानं आलं असेल," मी म्हटलं. नाव विचारायची मला गरज वाटली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती स्वतः आली. दिराच्या मुलाचं लग्न होतं. माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली तेव्हा क्षणभर मी ओळखलं नाही. रंग रापला होता, अंगाने भरली होती, आणि आवाज मोठा झाला होता. बहुधा समुद्राच्या वाऱ्यात बोलून बोलून. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही बाहेर पडलो. तिला तिकडे न मिळणाऱ्या वस्तू घ्यायच्या होत्या: लाखोळीची डाळ, भिवापुरी मिरची, काळा मसाला.

चालता चालता मी विचारलं, "ते कसे आहेत?"

"चांगले आहेत. निकोबारले आहेत."

"म्हणजे?"

"मी गेली तेव्हा जेटीवर कामालेच उभे होते. आम्हाले पाहिलं. काही बोलले नाही. पोरीची पेटी उचलली आणि चालू लागले. घरी गेल्यावर पोरीले म्हणे, तुले मासे दाखवीन. दाखवलेही. वर्षभर चांगले राहिले, सोबत बाजारात यायचे, गाणे ऐकायलेही नेलं एकदा. मग दुसऱ्या बेटावर बदली मागून घेतली. मागून घेतली, बरं. आपोआप झाली नाही."

ती हे एखाद्या दूरच्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं सांगत होती.

"जहाज येते तेव्हा येतात. चार-सहा दिवस राहतात, पोरीशी गोष्टी करतात, जातात. काही लोकांले भरल्या घरात जीव घुसमटल्यासारखा होते. राग नाही, काही नाही. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. आता सोडून दिलं."

"मग तुम्ही परत का नाही आलात?"

ती दुकानाच्या पायरीवर थांबली.

"इथं येऊन काय करू जी? त्या खोलीत मी वाट पाहत बसली होती. लोक मले पाहायचे तं तेवढंच दिसायचं त्यायले. तिथं माह्याकडे माणसं जेवायले येतात. पुण्याचे, नाशिकचे, कुठकुठचे. समुद्र पाहून भुकेजून येतात. पोरगी त्यायले सांगते, उद्या कोणती होडी घ्या, कोणत्या वेळेले जा. दिवस कसा जाते, समजत नाही." आणि दुकानदाराकडे वळून म्हणाली, "ही मिरची जुनी आहे. मागच्या पोत्यातली काढा."

दुकानदाराने मागच्या पोत्यातली काढली. तिने एक मिरची मोडून वास घेतला आणि होकार दिला. सामान बरंच झालं. दोन पिशव्या तिने उचलल्या, एक मी. ऑटोत ठेवताना तिने मला आग्रह केला, या एकदा, आईंना घेऊन या, बंगल्यात उतरू नका, माझ्याकडेच उतरा. मी हो म्हटलं. आईचे गुडघे आता जहाजाच्या शिड्या चढणार नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. निकोबारचं ऐकून तिने फक्त हुंकार दिला. बाकीचं ऐकून झाल्यावर म्हणाली, "इतकी गावभर फिरली, घरी काहून नाही आणलं तिले? चार घास खाऊन गेली असती."

मी म्हटलं, तिला लग्नघरी पोचायचं होतं. आईला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला महालात पाठवलं आणि मी तिला जेवायला घेऊन आले.